काचवाली बीनं सोडलेली जागा

काचवाली बी माणसाच्या तोंडाकडं आधी पाहतच नसे. ती माणसाच्या आजूबाजूला पाही. समोर सेठाणी जरीचं लुगडं नेसून बसलेली, आणि ही पाहते काय, तर मागचा खांब, कोपऱ्यातली घागर, दोरीवरचं धोतर. गळ्यात अडकवलेली लहानशी रिकामी लाकडी चौकट उचलायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "ते धोतर हटवा व बाई. छबी तुमची काढू का त्याची?"

कापसाला सोन्याचा भाव आला होता ते दिवस. अमरावती-अकोल्याला ज्याच्या घरी गाठी रचलेल्या, त्याला आपली छबी काचेवर पाहिजे. बीच्या नवऱ्यानं ही विद्या मुंबईहून आणली. तो पुरुषांच्या छब्या काढी, बी पडद्यातल्या बायांच्या. तो वारला, तरी बीनं छबीची पेटी सोडली नाही. पेटी, काचा, औषधाच्या बाटल्या, काळ्या कापडाचा तंबू, सारं माझ्या बैलबंडीतून चाले. औषधानं तिची बोटं कोळशासारखी काळी झालेली.

अकोल्याच्या एका सेठाणीला छबीत सगळंच हवं होतं. सुना, झोपाळा, पाळणा, राघूचा पिंजरासुद्धा. बी म्हणाली, "एवढं घेतलं तं तुमचं तोंड सरकीएवढं येईन."

"मंग माहे दागिने?"

"दागिने पेटाऱ्यात राहू द्या जी. इथं तुमी राहा."

पडद्याबाहेर पाण्याची घागर धरून मी हे ऐकत होतो. मला बीचंच चुकलं असं वाटलं. पोतं दाबून भरतो तशी काच भरावी, एवढीच माझी अक्कल.

मग तो वैशाख आला. वलगावला माझ्या घरचीचे दिवस भरत आले होते. आधीची दोन लेकरं जन्मतानाच गेलेली. या खेपेला सुईणीनं पोट चाचपलं आणि मान हलवत उठून गेली. त्या दिवशी घरची मला म्हणाली, "बीले घेऊन या. मी गेली तं लेकराले माय कशी होती हे कोन सांगन? तुमी? तुमाले तं माह्या लुगड्याचा रंग नाई सांगता येत."

मी पाहिलं तर लुगडं हिरवं होतं. तोवर मला खरंच ठाऊक नव्हतं.

बी आली. तिच्याजवळ एकच काच उरली होती. माझी माय दारात आडवी बसली. "काचेत गेलेलं मानूस सालभर जगत नाई. मी नाई काढू देत."

बी तिच्याजवळ टेकली. "अम्मा, मी एवढ्या बायका काढल्या. माह्या नवऱ्याची तं एकबी छबी नाई काढली. तरी गेलाच ना तो?"

मायनं पाय आवरले.

औषध ओलं असेतोवरच काच छबी धरते, आणि ऊन असं की डोळ्यातलं पाणी वाळावं. बीनं घरचीला अंगणात बसवलं, पण मधोमध नाही, पार एका अंगाला. मी ओरडलो, "एकच काच हाय, अन् अर्धी वाया घालवून राहिल्या तुमी?"

"तिच्या नजरेले जागा नाई लागत का, भाऊ? भिंतीवर डोकं आपटल्यावानी दिसन ती. या, इथं उभे राहा. चौकटीच्या बाहेर."

घरचीचे ओठ हलत होते. बी तंबूतून काच घेऊन धावत आली, पेटीत सरकवली आणि माझ्याकडं वळली. "हलू नका, भाऊ. तुमी हलले तं तिची नजर हलन."

पेटीच्या डोळ्यावरचं टोपण निघालं. घरचीनं माझ्याकडं पाहिलं. मी श्वाससुद्धा घेतला नाही. तिचे ओठ थांबले. सारं अंगण थांबलं.

काच धुऊन, छबी दिसावी म्हणून बीनं मागं काळं फडकं धरलं. तोंड साफ आलेलं. पोटावरचा हात मात्र धुरासारखा पुसट. मी बीकडं पाहिलं.

"हात लेकरानं हलवला," बी म्हणाली. "जित्तं हाय ते."

लेकरू जगलं. त्याची मायही जगली, आणि मला आयुष्यभर लुगड्याचा रंग विचारत राहिली.

पुढं कापसाचा भाव पडला आणि सेठाण्यांची हौसही. बी बऱ्हाणपूरला भावाकडं निघाली. मीच तिला वाटेला लावून आलो. बंडीतून उतरल्यावर तिनं चौकट उचलून मला पाहिलं. मला वाटलं, आता काही मोठं बोलेल. म्हणाली, "जरा बाजूले सरका, भाऊ. डोक्यातून मागची बाभूळ उगवली तुमच्या." मग गेली. पुन्हा दिसली नाही.

घरची यंदा दसऱ्याआधी गेली. काच आता माझ्याजवळ असते. नातू विचारतो, "आबा, आजी बाजूले काहून बसली? इकडं तं कोनीच नाई." मी काच पुसतो. सकाळी काच अंगणातल्या भिंतीला टेकवतो आणि छबीत ती पाहते आहे त्या अंगाला जाऊन बसतो.

ऊन चढतं. सून दारातून हाक मारते, "मामाजी, सावलीत या ना!"

"थांब व," मी म्हणतो. "हलता येत नाई."