भुकटी संपली म्हणून चुना

मंगळवार, १८ नोव्हेंबर. मंडळी, दोन महिने इथे फिरकले नाही, माफ करा. आज मात्र वैतागून लिहिते आहे.

मी बनारसच्या एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात केमिस्ट आहे. मैलापाण्यात एका अल्कधर्मी दगडाची भुकटी घालण्याचा प्रयोग आम्ही करतो आहोत. त्यामुळे पाण्याचा पीएच वाढतो आणि हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यातच विरघळून राहतो.

आज अहवाल पाठवायचा होता. आकडे नको इतके चांगले होते, म्हणून गोदामात गेले. भुकटी संपलेली, आणि शेजारी चुन्याच्या गोण्या.

"चार दिन से चूना डाल रहे हैं मैडम," ऑपरेटर यादवजी शांतपणे म्हणाले. "पीएच तो बढ़िया है न?"

चुना करायला भट्टीत चुनखडी भाजतात, आणि तेव्हा हाच कार्बन डायऑक्साइड हवेत सुटतो. मग आम्ही कमावलं काय? हे मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

"तो ये कागज पर लिखना था न, दीदी."

भिंतीवरचा सूचनांचा कागद माझाच. त्यावर एवढंच आहे: पीएच खाली जाऊ देऊ नये. त्यांनी तो जाऊ दिला नाही.

साहेबांना फोन केला. "भेज दीजिए, पीएच तो सच्चा है." तेही खरंच, आणि म्हणूनच जास्त चिडचिड होते आहे. तुम्ही पाठवला असता?

उद्याचं काम: चुन्याचे चार दिवस अहवालातून वगळणे, आणि चूक कोणाच्या कागदामुळे झाली तेही त्यात लिहिणे.