रजिस्टरवाले काका

बोरगाव मेघेतल्या आमच्या सायबर कॅफेवाल्या काकांनी एकदा स्वतःच्या बायकोकडे ओळखपत्र मागितलं होतं. काकू बिचाऱ्या त्यांचा डबा घेऊन आलेल्या, म्हणाल्या, परगावच्या मुलाला मेल धाडायची आहे. काका म्हणाले, "रेशनकार्ड आण. मंग बस." खोटं वाटेल, पण मी तिथंच होते.

दोन हजारनंतरची ती वर्षं. कॅफेत येणाऱ्याचं नाव-गाव लिहून घ्या, केबिनचे पडदे काढा, असा पोलिसांचा हुकूम होता. बाकीचे कॅफेवाले तपासणीची कुणकुण लागली की एका बैठकीत पानंच्या पानं भरून टाकत. आमच्या काकांची वही मात्र चोख, म्हणून ते रजिस्टरवाले काका. वर गंमत अशी, की आपण नाव लिहायला लागलो की ते वरच्या ओळींवर पुठ्ठा धरत. "तू कोणाचं वाचू नको, तुह्यं कोणी वाचणार नाई." आम्ही मुली फार टिंगल करायचो. आता फोनमधलं प्रत्येक ॲप माझं सगळं वाचून बसतं, तेव्हा त्या पुठ्ठ्याची किंमत कळते.

तिथूनच मी, घरी न सांगता, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीचा अर्ज केला होता. घरात स्थळं बघणं जोरात. सेलूचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, यांच्या शब्दापुढे आमच्याकडे कुणी जात नसे. पोरगी रोज नेटवर बसते हे त्यांच्या कानावर गेलं आणि ते थेट कॅफेत आले. मी कोपऱ्यात, समोर मुलाखतीचं बोलावणं उघडं, आणि लपायला पडदा नाही.

त्यांनी मला पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि काकांना गाठलं. "आमची पोरगी कोणाले मेल करून राह्यली? दाखवा ते रजिस्टर."

"पोलिसाचा कागद आणा जी, दाखवतो."

"मी तिचा मोठा बाप आहो!"

"असान न. पण नियमात बाप कुठी लिवला आहे? तिलेच विचारा, समोर तं बसली आहे."

आता बोलल्याशिवाय सुटका नव्हती. मी उठले, स्क्रीनकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगून टाकलं. "मले नोकरी करायची आहे, मोठे बाबा. लग्नाचं मंग पाहू." त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं आणि ते निघून गेले. मुलाखत झाली, नोकरी लागली, आणि घरी वडिलांनी हो म्हटलं. पण मी निघाले त्या दिवशी मोठे बाबा स्टेशनवर आले नाहीत. ते फार लागलं मला.

महिन्याभराने पुण्यात एक मेल आली. "बरी आहे का? जेवण चांगलं भेटते का? मोठे बाबा." मी धावत एसटीडी बूथ गाठला आणि काकांना फोन लावला. "काका, मोठे बाबा आलते का तिथं? स्वतः लिहिलं का त्यांनी?"

"तुले काऊन सांगू? तुह्यं त्यायले सांगतलं होतं का?" काका म्हणाले.

असा राग आला म्हणता! आणि त्याच वेळी त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. डोळे पुसले आणि सेलूचा नंबर फिरवला.