नळाजवळची बादली

हे मी आजवर कुणाशीच बोललो नाही. बायकोशी नाही, सख्ख्या भावाशी नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. धुळ्यात, आग्रा रोडला माझं आणि यूसुफचं भागीत गॅरेज होतं. ठोकाठोकी, रंगकाम माझ्याकडे, पॉलिश यूसुफकडे. तो मूळचा जळगावचा, भांड्यांना पॉलिश करणाऱ्या घरातला. मराठी, हिंदी, अहिराणी — तिन्ही एका दमात बोलायचा. वयाने मोठा, पण आमचं अरेतुरेच चालायचं.

शिरपूरचे नाना, कापसाचे व्यापारी, त्यांनी वडिलांची जुनी विलायती गाडी आमच्याकडे आणली. मुलीची पाठवणी त्याच गाडीतून करायची होती. रंग झाला, पण दोन्ही अंगांच्या लांबलचक ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, काचांभोवतीच्या कडा — सगळं पांढुरकं, डागाळलेलं. पट्ट्या हलक्या हाताने काढायच्या, ठोकळा लावून पोचे सरळ करायचे, कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने वरचा जुना थर उतरवायचा, मग बारीक पेपर आणि शेवटी मशीनवर पॉलिश. नवी पट्टी कुठे मिळणार? एक वाकली तरी संपलं. लग्न तोंडावर आलेलं, नाना सारखे फेऱ्या मारत होते.

सोड्याचं पाणी आम्ही कोपऱ्यातल्या लोखंडी टाकीत ठेवायचो. त्या दिवशी ती गळायला लागली. मी घाईघाईत नवं पाणी बादलीत कालवलं. कुठल्या बादलीत? — तेच तर सांगायचंय. नळाजवळच्या. आम्ही हात-तोंड धुवायचो त्या. म्हटलं, आत्ता उचलून नेतो. सोडा विरघळला की ते साध्या पाण्यासारखंच दिसतं हो. तेवढ्यात नानांची जीप आली. मी त्यांना घेऊन समोरच्या टपरीवर चहाला गेलो. यूसुफ मशीनवर होता, पाठमोरा. त्याच्या खांद्याला हात लावून सांगायला कितीसा वेळ लागला असता?

पॉलिश करणाऱ्याचं तोंड काजळीने काळं होतं. यूसुफने मशीन बंद केलं, नळाजवळ गेला, आणि त्या बादलीतून ओंजळ भरून तोंडावर मारली.

किंकाळी टपरीपर्यंत आली. मी धावलो. नळ सोडून त्याचं डोकं खाली धरलं. तो हातपाय झाडत होता. तसंच जीपमध्ये घातलं. वाटेत नानांनी मागे वळून विचारलं, "अरे, सांगितलं नव्हतं का तू त्याला?"

बघा — इथे. इथेच. कुणी दटावलं नव्हतं मला. नानांचा आवाजही चढला नव्हता. तरी माझ्या तोंडून निघालं, "सांगितलं होतं, नाना. दोनदा सांगितलं."

दोनदा! ते 'दोनदा' कुठून आलं, मला अजून कळत नाही. मी एकदाही सांगितलं नव्हतं.

डावा डोळा गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात नानांनी त्याच्या बायकोला, शहनाजला, माझंच वाक्य ऐकवलं. ती रडता रडता त्याच्यावरच चिडली — सांगूनही ऐकत नाही हा माणूस! मी शेजारी थर्मास धरून उभा होतो.

पण यूसुफला तर माहीत होतं ना, की त्याने काही ऐकलं नव्हतं? तो विचारणार, या धास्तीने मी बरेच दिवस आत जायचंच टाळलं. शेवटी गेलो. बँडेज बांधलेला चेहरा माझ्याकडे वळवून तोच म्हणाला, "तू सांगेल व्हई रे. मशीनना आवाजमा माले ऐकू उनं नही व्हई."

तू सांगितलं असशील; मलाच ऐकू आलं नसेल. वर म्हणाला, नानांचं काम अर्धवट राहिलं, सगळं तुझ्यावर पडलं — माफ कर.

माफ कर, असं तो मला म्हणाला. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "असू दे."

पट्ट्या मी पुऱ्या केल्या. लग्नात पोरी त्यांत बघून केस सारखे करत होत्या. नानांनी पाठ थोपटली. यूसुफ मात्र पुन्हा मशीनवर बसला नाही. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येईना. फिरत्या चाकापुढे नेलेला हात मागे घ्यायचा. जळगावला भावाच्या दुकानात बसू लागला. मी दर ईदला जातो. का जातो? ते विचारू नका.

काही वर्षांनी असाच गेलो होतो. त्याच्या धाकट्या मुलीने आईचं न ऐकता तापल्या तव्याला बोट लावलेलं. यूसुफने तिला माझ्यासमोर उभं केलं. "विचार काकाला," म्हणाला, "काका ओरडून ओरडून सांगत होता, बादलीला हात लावू नको. मला ऐकूही आलं होतं. तरी मी ऐकलं नाही. म्हणून हा डोळा असा."

ऐकूही आलं होतं!

पोरीने माझ्याकडे पाहिलं — खरं का, असं. शहनाज दारात थांबली. यूसुफ वाट बघत होता.

मी मान हलवली. हो म्हणून.