सहावी पायरी

आंजर्ल्याच्या खाडीवरच्या धक्क्याला चौदा पायऱ्या आहेत. आत्माराम तांडेलांची योगिनी लहानपणी त्यांच्यावर बसून बाबांच्या होडीची वाट बघायची. पुढे ती मुंबईला शिकायला गेली, ऑक्युपेशनल थेरपिस्ट झाली आणि ऑटिझम असलेल्या माणसांसोबतच काम करायचं हे तिने पक्कं ठरवलं. गावाला ते समजावून सांगताना मात्र तिची दमछाक व्हायची.

"म्हणजे डॉक्टरीण ना गो?"

"नाही काकी."

"मग नर्स?"

"नर्स पण नाही."

"मग एवढी वर्षं केलंस काय तिकडे?"

परत आल्यावर तिला खेडच्या एका छोट्या केंद्रात आठवड्याचे तीन दिवस काम मिळालं. तिथे ऑटिझम असलेली लहान मुलं यायची. सोळा-सतरा वर्षांची झाली की ती येणं बंद करायची, आणि मग कुठे जायची ते योगिनीला ठाऊक होतं. घरातल्या मागच्या खोलीत. ऑटिझम असलेल्या प्रौढ माणसांना त्यांच्या जोगं काम मिळवून देणारं एक केंद्र आयर्लंडमध्ये होतं. तिने तिथे दोनदा अर्ज केला आणि दोनदा नकार आला. कारण एकच, अनुभव फक्त मुलांचा. तिसऱ्या वेळी त्यांनी कळवलं की एखाद्या प्रौढ व्यक्तीसोबत तीन महिने काम करून त्याचा अहवाल पाठवा, मग मुलाखत घेऊ. तिच्या इंग्रजी परीक्षेच्या निकालाची मुदत जानेवारीत संपत होती. चौथी संधी असणार नव्हती.

ती थेट यमुनाबाईंच्या घरी गेली. यमुनाबाई धक्क्यावर मासे विकतात. त्यांचा लवू अठ्ठावीस वर्षांचा, फारसा बोलत नाही. पण टोपलीभर मिसळलेली मासळी त्याच्यापुढे ओता, बांगडा बांगड्यात आणि मांदेली मांदेलीत अशी निवडून देईल की परत बघायला नको. वर्षापूर्वी लिलावाच्या गोंगाटात त्याने कान दाबून घेतले आणि मधे आलेल्या एका व्यापाऱ्याला ढकललं. व्यापारी चिखलात बसला, चार माणसं अंगावर धावून आली. त्या दिवसापासून यमुनाबाईंनी लवूला घरात ठेवलं होतं. आणि तो भिंतीवर डोकं आपटायला लागला होता.

"तू लिहिशील, परदेशात धाडशील नि नोकरी तुला," यमुनाबाई मासे कापणारी सुरी न थांबवता म्हणाल्या. "माझ्या लवूला काय?"

"लवू परत धक्क्यावर जाईल. नाही गेला तर मी काहीच पाठवणार नाही."

सुरी थांबली. "बघ हां बाय. शब्द दिलास."

योगिनी केंद्रातून रजा काढून जोरात कामाला लागली. आवाज अडवणारे हेडफोन आणले. दिवसभराच्या कामांची चित्रं काढून ती लॅमिनेट केली. आंघोळ, जेवण, धक्का, मासे निवडणं. लवूच्या घरी भिंतीवर ती लावली, शेजारी मोठं घड्याळ टांगलं आणि प्रत्येक चित्राखाली त्याची वेळ दाखवली. पुढे काय होणार हे आधी दिसलं की मन शांत राहतं, हे ती शिकली होती. लवूने फोटो काढू दिले नाहीत. फोन दिसला की तो हात आडवा करायचा. मग तिने फोटोंचा नाद सोडला आणि रोजची नोंद तक्त्यात ठेवली.

पहिल्या दिवशी चार वाजता लवू धक्क्यावर आला, होड्या आल्या, त्याने मासे निवडले. योगिनीला वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी चारला होड्यांचा पत्ता नव्हता. लवूने डोकं खांबावर आपटलं. तिसऱ्या दिवशीही तेच. पंधरा दिवसांत तेरा वेळा. धक्क्यावरच्या बायका तिला 'घड्याळवाली' म्हणायला लागल्या. "चार वाजले गो घड्याळवाली, होडीला फोन लाव!"

त्यात लवूने नवीनच सुरू केलं होतं. भिंतीवरून मासे निवडण्याचं चित्र उचकटायचा आणि धक्क्यावर आला की एका पायरीवर ठेवून द्यायचा. ती उचलून आणायची, तो परत नेऊन ठेवायचा. तिने तक्त्यात लिहिलं, 'चित्र नाकारतो.'

सोळाव्या दिवशी ती चित्र उचलायला वाकली तेव्हा पाणी त्या पायरीला टेकलं होतं. तिने वर पाहिलं. खाडीच्या तोंडातून पहिली होडी आत वळत होती.

तिने पायऱ्या मोजल्या. खालून सहावी. काल ओलं झालेलं चित्र तिने जिथून उचललं होतं, तीही सहावीच.

संध्याकाळी बाबा जाळं शिवत बसले होते. तिने विचारलं, "बाबा, होड्या आत कधी घेता?"

"म्हणजे? सहाव्या पायरीला पाणी लागलं की. त्याआधी खाडीच्या तोंडाशी होडी वाळूत रुतेल ना."

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

बाबांनी जाळं खाली ठेवलं. "तांडेलाच्या मुलीला भरती सांगायची? रोज पाऊण तास पाणी पुढे सरकतं हे तू चौथीत असताना दुसऱ्यांना शिकवायचीस. पाणी काय तुझं घड्याळ बघून येतं काय गो?"

योगिनीचे कान तापले. मुंबईत राहून ती घड्याळाची झाली होती, एवढंच. लवूने तिला रोज उत्तर आणून दिलं होतं आणि तिने ते नकार म्हणून नोंदवलं होतं.

घड्याळ उतरलं. चित्रांना भोकं पाडून तिने ती जाळ्याच्या दोरीने पायऱ्यांच्या लोखंडी कड्यांना बांधली. चौथ्या पायरीला हेडफोन, पाचवीला टोपल्या, सहावीला मासे. सकाळची भरती असो की संध्याकाळची, लवू वरच्या पायरीवर येऊन बसायचा आणि पाणी चढेल तसा एकेक काम करायचा. होडी उशिरा आली तर काय, यासाठी तिने रिकाम्या होडीचं एक चित्र केलं. ते पटायला तीन आठवडे गेले आणि एकदा तिचा चष्मा फुटला. पण डिसेंबर आला तेव्हा लवू लिलावाच्या कडेला बसून पाच होड्यांची मासळी निवडत होता, आणि ज्याला त्याने ढकललं होतं तो व्यापारी यमुनाबाईंना म्हणत होता, "माझी टोपली आधी द्या त्याच्याकडे."

अहवाल पाठवायच्या आदल्या दिवशी खेडच्या केंद्रातला तिचा सहकारी केतन म्हणाला, "पहिले पंधरा दिवस काढून टाक. कोण स्वतःची फजिती पाठवतं?"

"तेच तर काम आहे."

"दोनदा नकार आलाय तुला, योगिनी."

"तिसऱ्यांदा आला तर खरं काम बघून येईल." तिने सगळे तक्ते पाठवले. 'चित्र नाकारतो' ही ओळसुद्धा, आणि तिच्याखाली, 'ही माझी चूक होती.'

व्हिडिओवरच्या मुलाखतीत ओर्ला नावाच्या बाई होत्या. त्यांनी बरोबर त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे का पाठवलंत?"

योगिनीने इंग्रजीत खूप तयारी केली होती. त्यातलं काही आठवेना. ती साधंच बोलली, "लवूचं वेळापत्रक बरोबर होतं. मला वाचता येत नव्हतं. तुमच्याकडच्या माणसांचंही मला पहिल्या दिवशी वाचता येणार नाही. पण मी बघत राहीन."

ओर्लाबाई कॅमेऱ्याजवळ आल्या. त्यांनी विचारलं, "ती कितवी पायरी म्हणालात?"

नऊ दिवसांनी पत्र आलं. नोकरी मिळाली होती.

आता लवूला सांगायचं होतं. यमुनाबाई म्हणाल्या, "सांग लवकर येते म्हणून. त्याला काय कळतंय!" योगिनीने ते ऐकलं नाही. सुरुवातीला ती रोज यायची, पण आता मंगळवार, गुरुवार आणि शनिवार तिच्या येण्याचे दिवस होते, आणि त्या दिवसांसाठी तिचा स्वतःचा एक फोटो दोरीला असायचा. निघण्याच्या दिवशी तिने तो सोडवला आणि लवूच्या हातात दिला. "मी दूर जातेय. खूप दिवस येणार नाही. मासे तसेच येतील."

लवूने फोटो उलटसुलट करून पाहिला. मग उठला, पायऱ्या चढत गेला आणि सगळ्यात वरच्या, चौदाव्या पायरीवर तो ठेवला. वर एक दगड ठेवला. त्या पायरीला अमावास्येच्या उधाणातही पाणी लागत नाही. त्याला कळलं होतं.

यमुनाबाई डोळ्यांना पदर लावून फोटो उचलायला निघाल्या.

"राहू दे काकी," योगिनी म्हणाली. "त्याने बरोबर ठेवलाय."

खाली पाणी पाचव्या पायरीला लागलं होतं. लवू टोपल्या आणायला वळला आणि योगिनीने बॅग उचलली.