भरीव जमीन

दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवण्यात कवळीताईंची हयात गेली. दवाखान्यामागच्या खोलीत बसून त्या कवळ्या घासत, आणि त्या यंत्राच्या घरघरीनं त्यांचा डावा कान पार कामातून गेला होता. आता हातही थरथरायला लागला. हात थांबले तर खायचं काय? म्हणून साठवलेल्या पैशांतून एक घर घ्यायचं, ते भाड्यानं द्यायचं आणि त्यावर म्हातारपण काढायचं, असं नवराबायकोनं ठरवलं. यात फसलो तर पुन्हा साठवायला वय उरलेलं नव्हतं.

नवऱ्याला उताराखालचं नवंकोरं घर भलतंच आवडलं. दलालानं खोल्या दाखवल्या आणि जाताजाता म्हणाला, "जमीन भरावाची आहे, बरं का."

ताईंचा नेमका डावा कान त्याच्याकडे. त्यांना ऐकू आलं, भरीव आहे.

"मग तर उत्तमच," त्या म्हणाल्या. दलाल बघतच राहिला. इतकं बेधडक गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं.

पुढचे काही दिवस ताई हवेतच होत्या. कवळी घ्यायला येईल त्याला सांगत सुटल्या, "आमची जमीन भरीव आहे हो." सगळी पुंजी ओतायची, कमी पडेल तेवढं कर्ज काढायचं, हप्ते भाड्यातून आपोआप फिटतील, असा नवऱ्याचा बेत.

इसार द्यायच्या दिवशी ताईंनी पैशांची पिशवी मांडीवर घेतली. "भरीव म्हणूनच घेतेय. पोकळ कामाचा मला तिटकारा."

दलालाच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. गप्प बसला असता तर त्याची दलाली कुठे जात नव्हती. पण तो उठला आणि ताईंच्या उजव्या बाजूला येऊन बसला.

"ताई, भरीव नाही. भराव. तिथे डबकं होतं, माती टाकून बुजवलंय. पाया खोल नेलाय म्हणतात, मी काही पाहिला नाही."

ताई आधी पांढऱ्या पडल्या, मग इतक्या हसल्या की डोळ्यांना पाणी आलं. "म्हणजे मी गावभर डबक्याचं कौतुक करत फिरले!"

"आणि मधे घर रिकामं राहिलं, तर हप्ता कशातून भरणार?" दलालानं विचारलं. नवरा छताकडे बघायला लागला. त्याच्या बेतातला भाडेकरू घर कधी सोडतच नव्हता.

शेवटी त्यांनी चढावरचं जुनं, बुटकं घर घेतलं. घेण्याआधी भिंतीलगत खणून बघितलं, तर पाया थेट खडकावर. कर्ज लहान, आणि काही पैसे अडीअडचणीला बाजूला. रंग मात्र असा, की नवऱ्यानं घर घेईपर्यंत नाक मुरडलं आणि घेतल्यावरही मुरडलं. तिथे एक नर्स आईला घेऊन राहायला आली.

पहिलं भाडं आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईंनी भर दुपारी यंत्र बंद केलं. "उद्यापासून मी अर्धाच दिवस येईन," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं.

"चालेल ना?" असं मात्र विचारलं नाही. ते विचारावं लागलं नाही, याचाच त्यांना फार आनंद झाला, आणि रस्ताभर त्या एकट्याच हसत घरी गेल्या.