सॉरी न म्हणणारे मामा

माझे धाकटे मामा हे अख्ख्या शहापूर तालुक्यातले असे एकमेव गृहस्थ असावेत, की ज्यांच्या घरात इंग्रजी शब्दाला चौकशीशिवाय प्रवेश नाही. ओटीवर आलेल्या पाहुण्याला आपण नाव, गाव, कामधंदा विचारतो; मामा शब्दालाही तेच विचारतात. किन्हवलीकडच्या एका शाळेत शिपाई असताना रद्दीत निघालेला, शब्दांची मुळं सांगणारा जाडजूड इंग्रजी शब्दकोश त्यांनी डोक्यावरून घरी आणला. 'डी' अक्षरापर्यंतची पानं वाळवीने खाल्लेली, त्यामुळे चार्जर, डॉक्टर, बिस्कीट हे सगळे मामांच्या लेखी बेवारशी. चार्जर हवा असला तर मला म्हणतात, "मोबाइलला पाजायचं दे गो."

पण सगळ्यात जास्त छळ त्यांनी मांडला तो 'सॉरी'चा. "त्याचं मूळ दुखण्यात हाय. आपल्याला दुखलं तरच बोलायचा शब्द," हे ते भेटेल त्याला ऐकवतात. एकदा एसटीत एका कॉलेजच्या मुलीचा पाय त्यांच्या पायावर पडला. ती सॉरी म्हणाली. मामांनी कळवळून विचारलं, "दुखलं का गो तुला?"

"मला नाय, तुमाला दुखलं असंल."

"मंग तू कशाला सॉरी?"

ती बिचारी पुढच्याच थांब्यावर उतरली. तिचा तो थांबा नसावा.

मागच्या वर्षी मात्र हे वेड अंगाशी आलं. आमच्याकडे भातलावणीला भाऊभाऊ एकमेकांच्या शेतावर राबतात. थोरले मामा दोन दिवस धाकट्यांच्या चिखलात वाकले. परतफेडीच्या दिवशी धाकटे गायब! बिस्किटाचं मूळ विचारायला मुरबाडला एका रिटायर गुरुजींकडे गेलेले. संध्याकाळी "बिस्कीट म्हंजे दोनदा भाजलेलं!" असं ओरडत परतले, तेव्हा थोरले आणि त्यांची बायको दोघंच अजून लावत होती. थोरले एवढंच म्हणाले, "तुझी लावणी झाली ना? मंग जा." त्या दिवसापासून अबोला. अंगण एकच, पण वर्षभर दोघे एकमेकांना चुकवून चालायचे.

"एकदा सॉरी बोला नि मोकळे व्हा," धाकट्या मामी रोज विनवायच्या.

"कसं बोलू? तो दिवसभर वाकला, मी खुर्चीत चहा पीत होतो. माझं काय दुखलं?" मामा म्हणायचे. पण त्या वर्षात त्यांनी शब्दकोश एकदाही उघडला नाही, आणि मला त्यांची फार दया यायची.

यंदा लावणीच्या वेळी मी गावी होते. उजाडताच धाकटे मामा न बोलावता थोरल्यांच्या शेतात उतरले. कुणी त्यांना बस म्हटलं नाही, कुणी ऊठही म्हटलं नाही. दुपारची भाकरीसुद्धा त्यांनी उभ्यानेच खाल्ली. शेवटची मूठभर रोपं लावून झाली, तेव्हा त्यांना सरळ होता येईना. गुडघ्यांवर हात टेकून, वाकलेलेच, ते बांधाकडे बघत म्हणाले, "दादा, आता दुखतंय रे. सॉरी."

थोरले मामा बांधावरून चिखलात उतरले, भावाच्या काखेत हात घालून त्यांना वर घेतलं आणि म्हणाले, "चल, तेल लावून देतो."

मी ऑफिसात दिवसातून दहादा सॉरी म्हणते. हल्ली म्हणण्याआधी जराशी थांबते, कुठे दुखतंय का ते बघते. बहुतेक वेळा कुठेच दुखत नसतं.