नारिंगी डोक्याचा आणि ठिपक्यांचा

आधीच माफी मागतो. किड्यांवर लिहावं इतकं माझं शिक्षण झालेलं नाही, आणि स्वतःवर लिहावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा यावलकडच्या बागांमध्ये केळीचे घड कापतात. माझ्या प्रकल्पाचं ऐकून ते म्हणाले होते, "लोक किडे मारायला फवारणी करतात, अन् तू किडे पाळायला धुळ्याला गेलास?"

साक्रीच्या बाजूला एका रोपवाटिकेत जंगलात लावायची सागाची रोपं होती. त्यांच्यावर पिठ्या ढेकूण पडला होता, पानांना कापूस चिकटवल्यासारखा. त्याला खाणारा एक ढालकिडा आपल्याकडे असतोच; पिवळट, काळ्या ठिपक्यांचा. दुसरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. काळपट, नारिंगी डोक्याचा. तो प्रयोगशाळेतून डब्यात आणून सोडतात. एकाच झाडावर हे दोघं नांदतात, की बाहेरचा घरच्याला हुसकावतो, एवढंच मला पाहायचं होतं.

कॉलेजात मी दोघांना एका बरणीत ठेवलं होतं. खाणं होतं तोवर ठीक चाललं. ते संपल्यावर त्यांनी एकमेकांची अंडी खाल्ली. मला उगीचच अपराधी वाटलं. सर म्हणाले, "बरणीत कुणीही भांडेल. झाडावर बघ." पण डबा एकच मिळाला होता आणि दुसरा मिळणार नव्हता. रोपवाटिकेत जमलं नाही तर माझा प्रकल्प कोराच राहणार होता.

मी सहा रोपांवर दोन्ही किडे सोडले आणि वरून मलमलच्या पिशव्या बांधल्या. दोन आठवड्यांनी गेलो, तर पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या. रोपं स्वच्छ, पान न् पान चकाकतंय. तिथं पाणी घालणाऱ्या अक्का मला पाहून खुशीत पुढे आल्या.

"भाऊ, तुना रोपेसले भलता पांढरा किडा लागेल व्हतात. फडकं ओलं करीसन बठ्ठा पुसी टाकात."

नारिंगी डोक्याच्या किड्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेली असते. दिसायला थेट पिठ्या ढेकूणच, फक्त अंगानं मोठी. हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. अक्कांना सांगायचं मात्र सुचलं नव्हतं. रोपं निगुतीनं सांभाळणं हेच तर त्यांचं काम.

मी चाचरत सगळं सांगितलं, तशा त्या वाफ्याच्या कडेला बसल्या. मग कुंपणाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "फडकं त्या जास्वंदना कुंपणवर झटकेल शे." कुंपणाची जास्वंद पिठ्या ढेकणानं पांढरी झाली होती. आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. मला तरी काही दिसलं नाही.

"पन भाऊ, या दोन्ही एकमेकले खातस का?"

"खाणं संपलं की खातात, अक्का."

"मंग आमना घरनाच मायक. दोन जावा, एक चूल. भाकर शे तवलग भांडण नही."

मला हसू आलं. परत जाताना बसमध्ये मी नोंदवहीत लिहिलं: अळ्या पुसल्या गेल्या, चूक माझी. सरांनी ते वाक्य दोनदा वाचलं, जास्वंदीचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे खोडू नकोस. आता त्या कुंपणाची वाट बघ." मी अक्कांना माझा फोन नंबर देऊन त्यांचाही घेतला होता, पण त्यांचा फोन आला नाही. मीही करायला धजलो नाही. नाही म्हणाल्या तर, ही भीती.

सुट्टीत घरी आलो आणि बाबांबरोबर बागेत घड उचलू लागलो. तिथेच एक दिवस फोन वाजला. हाताला केळीचा चीक लागलेला, म्हणून बाबांनीच तो घेतला आणि स्पीकर लावून माझ्यासमोर धरला.

"भाऊ, लाल डोकावाला बी शे नि ठिपकावाला बी शे. जास्वंदनी एकच फांदीवर. भाकर बी भलती शे. मी फडकं लायेल नही."